दलालांची युद्धरेषा

मडगावी १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुखपृष्ठांचे व ‘दीपावली’चे चित्रकार म्हणून सर्वांस परिचित आहेत, त्यांच्या युद्धचित्रांचा विचार मात्र आपल्या समीक्षेने फारसा केला नाही. डिचोलीकरांस ही उपेक्षा अधिक जाणवावी, कारण शेजारच्या नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनीच १६६८ साली करविला. ‘राजा शिवछत्रपती’तील दलालांची रेषा वेगवान आहे, डौलदार आहे, आणि नेमका तो डौलच आम्हांस खटकतो. त्यांचे वीर झुंजतानाही देखणेच दिसतात. लष्करासाठी युद्धचित्रे काढणाऱ्या जपानच्या फुजिताने १९४३ साली अट्टू बेटावरील संहार रंगविला. त्या मातकट गर्दीत आपला कोण नि परका कोण, हे सहजी कळत नाही. दलालांच्या चित्रात शत्रू पहिल्याच दृष्टीस ओळखू येतो.