खोलीचे तापमान विसरलेला सल्ला

संगणकातील ग्राफिक्स कार्डाचे फर्मवेअर 'फ्लॅश' करा आणि तेच कार्ड फुकटात वेगवान करून घ्या, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. तो आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर अशा गावांतील विद्यार्थीही जुने भाग जुळवून संगणक उभा करतात. कुणाला त्रिमितीय आराखडे काढायचे असतात, कुणाला कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक प्रयोग करायचे असतात, तर कुणाला नुसते खेळ खेळायचे असतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली. त्यामुळे त्या चलनाच्या 'खाणकामा'त रात्रंदिवस राबणारी असंख्य ग्राफिक्स कार्डे निरुपयोगी ठरून जुन्या बाजारात आली. अशा कार्डांवर हा सल्ला आजमावण्याचा मोह अधिक होतो. विज्ञानाचे शिक्षक म्हणून या सल्ल्याकडे आपण कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम सल्ल्यात खरे काय आहे ते पाहू.

फर्मवेअर म्हणजे काय?

ग्राफिक्स कार्डावर मुख्य चिपखेरीज बहुधा आठ पायांची एक लहानशी स्मृतिचिप असते. संगणक सुरू होताना कार्डाने कसे वागावे याच्या सूचना तिच्यात साठवलेल्या असतात. चिपची घड्याळगती किती, तिला किती विभवांतर द्यायचे, विजेची कमाल मर्यादा किती, कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा, इतकेच नव्हे तर कार्डाने स्वतःचे नाव काय सांगायचे, हेही त्यात येते. या सूचनांना फर्मवेअर म्हणतात. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या फ्लॅश स्मृतीत त्या असतात. या स्मृतीतील मजकूर कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात पुसता येतो, म्हणून तिला ते नाव पडले. जुना मजकूर पुसून नवा लिहिणे म्हणजे 'फ्लॅश करणे'.

यातून फायदा होऊ शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१० च्या डिसेंबरात एएमडी कंपनीची रेडिऑन एचडी ६९५० आणि ६९७० ही कार्डे आली. पहिल्यात १४०८ आणि दुसऱ्यात १५३६ गणक-घटक होते. पण चिप मुळात एकच होती. स्वस्त कार्डातील १२८ घटक फर्मवेअरने झोपवून ठेवले होते. अनेकांनी ते फ्लॅश करून जागे केले. जानेवारी २०२० मध्ये तर उलटाच प्रकार झाला. याच कंपनीने रेडिऑन आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येण्याच्या तोंडावर वेग वाढवणारे नवे फर्मवेअर काढले. तोपर्यंत काही कार्डे जुन्या फर्मवेअरसह दुकानांत पोहोचली होती. ती विकत घेणाऱ्यांना फ्लॅश करण्याचे काम स्वतःच करावे लागले.

सल्ला सर्वस्वी खोटा नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यातून गाळलेल्या गोष्टींवर. त्यातली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे खोलीचे तापमान.

वेगाची किंमत

चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. प्रत्येक स्विच म्हणजे एक इवलासा कपॅसिटर समजा. तो दर वेळी भरतो आणि रिकामा होतो, आणि त्यात खर्च झालेली वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून

शक्ती = धारिता × (विभवांतर)² × वारंवारता

घड्याळगती म्हणजे येथील वारंवारता. ती वाढवली की स्विचला भरायला वेळ कमी मिळतो, मग विभवांतर वाढवावे लागते. समजा, गती १० टक्के वाढवली आणि त्यासाठी विभवांतर ८ टक्के वाढवावे लागले. तर शक्ती १.१० × १.०८ × १.०८, म्हणजे सुमारे १.२८ पट होईल. दहा टक्के वेगासाठी अठ्ठावीस टक्के जास्त उष्णता! याउलट गती फक्त ५ टक्के कमी करून विभवांतर १० टक्के उतरवता आले, तर शक्ती ०.९५ × ०.९० × ०.९०, म्हणजे ०.७७ पट होते. पाच टक्के वेग सोडून तेवीस टक्के उष्णता वाचली. विभवांतराचा वर्ग किती महत्त्वाचा आहे, ते यावरून लक्षात येईल.

आता ही उष्णता जाणार कुठे?

चिपवरील धातूचे पंखे आणि त्यांवर वारा घालणारा पंखा मिळून उष्णता खोलीतील हवेला देतात. विजेच्या मंडलात विभवांतर = प्रवाह × रोध हे नाते असते. तसेच येथे

चिप आणि खोली यांच्या तापमानांतील फरक = शक्ती × उष्णतारोध

असे ढोबळ नाते मानता येते. पंखा कितीही वेगाने फिरला तरी तो फक्त उष्णतारोध कमी करतो. चिपला खोलीपेक्षा थंड करणे त्याच्या आवाक्यात नाही.

उदाहरणादाखल एक कार्ड घेऊ. ते १५० वॅट उष्णता देते आणि चिपचे तापमान खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर नेते. म्हणजे उष्णतारोध वॅटमागे ०.३ अंश. चिपचे तापमान ८३ अंशांवर गेले की कार्ड आपण होऊन गती उतरवते, असेही धरू. अनेक कार्डांत अशी मर्यादा ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असते.

सल्ला देणाऱ्याची खोली २५ अंशांची असेल, तर ८३ वजा २५ म्हणजे ५८ अंशांचा फरक हाताशी आहे. त्याला ०.३ ने भागले की १९३ वॅट उष्णता बाहेर टाकता येते. गती वाढवलेल्या कार्डाला १९२ वॅट लागतात. म्हणजे ते जेमतेम बसले, आणि सल्लागार खूश झाला.

आता तेच कार्ड वाशीम जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी, टिनाच्या छताखालच्या खोलीत चालवू. खोलीत ४३ अंश आहेत. हाताशी फरक उरला ४० अंशांचा. बाहेर टाकता येणारी उष्णता फक्त १३३ वॅट. मूळ कार्डालाही आता आपली पूर्ण गती राखता येणार नाही. विभवांतर तेच ठेवून कार्डाने केवळ गती उतरवली असे धरले, तर पुढील चित्र मिळते (मूळ कार्डाची पूर्ण गती १००):

वाढवलेले कार्ड: २५ अंशांत ११०, ४३ अंशांत ७६
मूळ कार्ड: २५ अंशांत १००, ४३ अंशांत ८९
उतरवलेले कार्ड: २५ अंशांत ९५, ४३ अंशांतही ९५

क्रम चक्क उलटा झाला! थंड खोलीत पहिले आलेले कार्ड उन्हाळ्यात शेवटचे, आणि शेवटचे ते पहिले. प्रत्यक्षात गतीबरोबर विभवांतरही थोडे उतरते, त्यामुळे फरक इतका मोठा पडणार नाही. परंतु जादा विभवांतराचे कार्ड या खोलीत पुढे निघून जाईल, असे मुळीच घडणार नाही. शिवाय तापलेल्या चिपमधून विजेची गळती वाढते, ती वेगळीच. सल्ल्यात भौतिकशास्त्र चुकलेले नाही. एका ठिकाणी खरी ठरलेली गोष्ट सर्वत्र खरी आहे असे गृहीत धरले, ही चूक आहे.

उत्पादकही या दोषातून सुटत नाहीत. २०१३ साली आलेल्या रेडिऑन आर९ २९०एक्स या कार्डावर एक छोटा स्विच होता. त्याने दोन फर्मवेअरपैकी एक निवडता येई. दोहोंतला मुख्य फरक होता पंख्याच्या कमाल वेगाचा. ९५ अंशांपर्यंत तापू दिलेले हे कार्ड शांत पंख्याने चालवले की गती उतरे, आणि गोंगाट करणाऱ्या पंख्याने ती टिकून राही. चिप तीच, पण पंख्यागणिक वेग वेगळा. असे असताना खोक्यावर गतीचा एकच आकडा छापणे आणि तो कोणत्या तापमानाच्या खोलीत मोजला हे न सांगणे, याला अपुरी माहिती म्हणावे लागेल.

प्रयोग म्हणून सल्ल्याची परीक्षा

शाळेच्या प्रयोगवहीला आपण जे नियम लावतो, ते या सल्ल्याला लावून पाहू.

पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. या सल्ल्यांत बहुधा कार्ड उघडून धूळ काढली जाते, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली जाते, पंख्याचा वेग वाढवला जातो आणि मग फर्मवेअर फ्लॅश केले जाते. शेवटी सगळे श्रेय मिळते फर्मवेअरला. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ज्यांच्या घरात धूळ शिरते, त्यांना सांगायला नको की हीटसिंकच्या फटी बुजल्या की काय होते. केवळ साफसफाईने उष्णतारोध ०.३ वरून ०.२५ वर आला, तरी ४३ अंशांच्या खोलीत १३३ ऐवजी १६० वॅट बाहेर टाकता येतात. मूळ कार्ड आपल्या पूर्ण गतीवर परत येते, आणि तेही काही फ्लॅश न करता.

दुसरा नियम, स्थिर स्थिती येईपर्यंत थांबावे. हीटसिंकचा धातू तापायला वेळ लागतो. पाच मिनिटांच्या चाचणीत दिसलेला वेग तासाभराने टिकेलच असे नाही. बंद खोलीत तर कार्ड स्वतःच खोली तापवत असते.

तिसरा नियम, फसलेले प्रयोगही नोंदवावेत. फ्लॅश करताना जुना मजकूर आधी पुसला जातो. नवा पूर्ण लिहिला जाण्यापूर्वी वीज गेली, तर कार्ड सुरूच होत नाही. भारनियमनाच्या गावात ही शंका कल्पनेतली नाही. काही कार्डांवर दुसरे, राखीव फर्मवेअर असते, पण पुष्कळ कार्डांवर ते नसते. ज्यांचे कार्ड असे गेले, ते सल्ला द्यायला सहसा येत नाहीत.

चौथा नियम, साक्ष आणि निरीक्षण यांत फरक करावा. कार्डाचे नाव पडद्यावर दिसते ते फर्मवेअर सांगते म्हणून. जुन्या, दुबळ्या कार्डावर नव्या कार्डाचे नाव लिहून ते विकण्याचे प्रकार बाजारात झाले आहेत. खाणकामातून आलेल्या कार्डांतही स्मृतीच्या आणि विभवांतराच्या नोंदी बदललेल्या आढळतात. अशा कार्डावर मात्र कंपनीचे मूळ फर्मवेअर परत घालणे हेच योग्य ठरते. फ्लॅश करण्याचे ते एक समर्थनीय कारण आहे. अर्थात फर्मवेअर त्याच मॉडेलचे हवे, जुन्याची प्रत आधी जपून ठेवायला हवी, आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडलेला हवा.

यावर उत्पादकांनी कुलपाचा मार्ग काढला. एनव्हिडियाच्या २०१६ च्या पास्कल पिढीत फर्मवेअरवर अंकीय स्वाक्षरी असते, आणि बदललेला मजकूर कार्ड स्वीकारत नाही. यामुळे फसवणूक काहीशी अवघड झाली, हे मान्य. परंतु विकत घेतलेली वस्तू उघडून समजून घेण्याची वाटही अरुंद झाली. शिक्षणाच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे?

गती वाढवण्याआधी उष्णता जाण्याची वाट मोकळी करावी. पंख्याची पाती हाताने धरून धूळ काढावी, पेस्ट बदलावी, संगणकाची पेटी भिंतीपासून दूर ठेवावी. विभवांतर थोडे थोडे उतरवून पाहावे. बहुतेक कार्डांत हे साध्या सॉफ्टवेअरने होते, फ्लॅश करावे लागत नाही आणि चुकले तर मूळ स्थितीवर परत येता येते. प्रत्येक चिप सारखीच उतरते असे नाही, म्हणून दर पायरीला तासभर चाचणी घ्यावी.

विदर्भातील घराघरांत असलेला कूलर येथे खरोखर उपयोगी आहे. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक थंड असू शकते. खोली ४३ वरून ३१ अंशांवर आली, तर आपल्या उदाहरणातील कार्डाला १३३ ऐवजी १७३ वॅट बाहेर टाकता येतील. कार्ड हवेपेक्षा गरम असल्याने त्यावर दव पडत नाही. मात्र उडणारे तुषार लागतील इतक्या जवळ संगणक नसावा आणि खिडकी उघडी असावी. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही.

मोठ्या यंत्रांपुढेही प्रश्न हाच आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रव थेट चिपपर्यंत खेळवला आहे. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता शोषून घेते, हे त्यामागचे साधे कारण.

वर्गात करता येईल असा प्रयोग

यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. १० ओहमचा, १० वॅटचा सिमेंटचा रोधक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवा आणि पट्टीला तापमापी बांधा. बॅटरी एलिमिनेटरने (किमान १ अँपिअरचा) ६ व्होल्ट द्या, म्हणजे ३.६ वॅट उष्णता मिळेल. तापमान स्थिर होईपर्यंत थांबून पट्टीचे आणि खोलीचे तापमान लिहा. हाच प्रयोग सकाळी सात वाजता आणि दुपारी दोन वाजता करा. नंतर पंखा लावून करा. शेवटी ९ व्होल्ट देऊन करा. विभवांतर दीडपट, पण शक्ती सव्वादोनपट म्हणजे ८.१ वॅट होईल. रोधक चांगलाच तापतो, त्याला हात लावू देऊ नका.

विद्यार्थ्यांनी दोन तापमानांतील फरकाचा स्तंभ भरला, की सकाळी आणि दुपारी तो जवळपास सारखाच येतो, पंख्याने कमी होतो आणि ९ व्होल्टला दुपटीच्या आसपास जातो, हे त्यांना स्वतःच दिसेल. संगणकाचा धडा आणि उष्णतेचा धडा आपल्याकडे सहसा वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. या तक्त्यात ते एकत्र येतात. हा तक्ता ज्याने स्वतः भरला आहे, तो विद्यार्थी पुढच्या वेळी असा सल्ला वाचताना खोलीचे तापमान किती होते, हे आधी विचारील.