मोहल्ला समितीची कार्यपद्धती : भिवंडीच्या प्रयोगाची चिकित्सा

सुरेश खोपडे यांचे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक सामान्यतः जातीय सलोख्याची यशोगाथा म्हणून वाचले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार संघटनात्मक कार्यपद्धतीच्या अंगाने करावयाचा आहे. कारण या शहरात जे साधले गेले ते केवळ सद्भावनेने नव्हे, तर समिती कशी बोलवावी याविषयीच्या काही साध्या नियमांनी साधले.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. तरीही मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. १९८८ मध्ये खोपडे येथे पोलीस उपायुक्त म्हणून आले, तेव्हा शांतता समिती नावाची व्यवस्था अस्तित्वात होतीच. प्रतिष्ठित आणि पुढारी मंडळींना तणाव निर्माण झाल्यावर ठाण्यात पाचारण करावयाचे, आवाहन काढावयाचे आणि बैठक संपवावयाची, असे तिचे स्वरूप होते.

मोहल्ला समितीने हा क्रम उलटविला. सभासद वस्तीतील सामान्य रहिवासी, दोन्ही धर्मांचे, समप्रमाणात. बैठक तणाव नसताना. निमंत्रणाची जबाबदारी वरिष्ठांवर नव्हे, तर त्या भागातील पोलीस कर्मचाऱ्यावर. विषयही शेजाऱ्यांमधील किरकोळ तंट्यांसारखे. संकटाच्या वेळी ज्यांना एकत्र बसावयाचे आहे, त्यांना आधी क्षुल्लक कामासाठी एकत्र बसण्याची सवय असावी लागते, हे या पद्धतीमागील मर्म होय. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना यंत्रमागांचे हे शहर शांत राहिले. आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ च्या आपल्या ग्रंथात आंतरधर्मीय नागरी संबंधांच्या विवेचनात भिवंडीची दखल घेतली आहे.

पुस्तकाची मर्यादा अशी की, प्रयोगाचा कर्ता हाच त्याचा कथनकारही आहे. त्यामुळे ‘अधिकारी चांगला होता म्हणून’ हे उत्तर वाचकाच्या हाती सहज लागते. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : सभासद कोणी निवडावयाचे, आणि निमंत्रकाविरुद्धच तक्रार असेल तर बैठक कोणी बोलवावयाची? या रचनेत दोन्ही अधिकार पोलिसांकडेच राहिले.

५ जुलै २००६ रोजी ही उणीव उघडी पडली. क्वार्टर गेट परिसरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव जमला, गोळीबारात दोघे मरण पावले आणि त्याच रात्री दोन पोलिसांचीही हत्या झाली. हा हिंदू-मुस्लिम संघर्ष नव्हता; वाद नागरिक आणि पोलीस यांच्यातील होता. दोन समाजांमधील मध्यस्थ म्हणून उभारलेल्या यंत्रणेचा निमंत्रकच येथे पक्षकार झाला होता. अशा प्रसंगी त्रयस्थ कोण, याची तरतूद मूळ आराखड्यात नव्हती. १९७० नंतरच्या आयोगाने पोलिसांच्या निःपक्षपातीपणावरच बोट ठेवले असताना ही तरतूद सुचू नये, याचे नवल वाटते.

कायद्याने अन्यत्र हा विचार केलेला आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या अधिनियमानुसार खुद्द मालकाविरुद्धची तक्रार त्याने नेमलेल्या अंतर्गत समितीकडे न जाता जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. नेमणारा आणि ज्याच्यावर आरोप तो, हे एकच असू नयेत, हे तत्त्व तेथे नियमात उतरले आहे.

आपल्या महाविद्यालयांतील समित्या या दोन्ही कसोट्यांवर तपासून पाहाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी दिले. परंतु अध्यक्षपद व्यवस्थापनाकडे आणि सदस्य-सचिवपद प्राचार्यांकडेच आहे. आणि बैठकांविषयी काय सांगावे! नॅकची समिती येण्याच्या आठवड्यात तीन वर्षांची इतिवृत्ते एकाच शाईने लिहिली जात असताना प्रस्तुत लेखकाने एके ठिकाणी पाहिली आहेत. त्या तीन वर्षांतील एकाही बैठकीस कोणी सभासद प्रत्यक्ष बसला होता काय, हे त्या वहीवरून कळण्याचा मार्ग नव्हता. स्वाक्षऱ्या मात्र पूर्ण होत्या.