देऊळ फिरले काय?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळाची आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांनी कीर्तनात ऐकलीच असेल. पुजाऱ्यांनी नामदेवांस हुसकून लावले, ते देवळाच्या पाठीमागे जाऊन भजनास बसले, आणि देवळाने आपले तोंडच तिकडे फिरविले. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची पदे आहेत. त्यांपैकी एकात असाच प्रसंग येतो. तेथे देवळाचे नाव नाही. परंतु हीन जातीचा म्हणून उठविले गेल्याचे आणि कांबळे घेऊन मागे जाऊन बसल्याचे दुःख स्पष्ट आहे.

या कथेविषयी एक समंजस दिसणारे मत ऐकू येते. श्रद्धावंतापुरते देऊळ फिरले, चिकित्सकापुरते फिरले नाही. ज्याचे त्याचे सत्य! हे मत आम्हांस मान्य नाही. दगड हलले की नाहीत, हे जोते आणि पाया पाहून ठरवावयाचे. खालचे बांधकाम यादवकालीन व वरचे मागाहूनचे, हे ठरले त्याच रीतीने. दगड हलले असे आम्ही मानीत नाही. पण कथेचे मर्म दगडांत नाहीच.

देवळातल्यांचे एकमत नामदेवांविरुद्ध होते. सत्य जर ज्याच्या त्याच्या मनातले असेल, तर देवळाची किल्ली ज्याच्या कमरेला त्याचेच सत्य चालावयाचे. हाकललेल्याने फिर्याद न्यावी कोठे? माणसे साक्ष देईनात, म्हणून कथाकाराने भिंतीस बोलाविले.

राज्यविचाराचा पायाही हाच आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या समाजास ‘सत्यशोधक’ म्हटले. जे शोधावयाचे ते शोधणाऱ्याच्या आधीच असावे लागते. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कोणास दाराशी अडविले की नाही, हे अडविणाऱ्याच्या मर्जीवर ठरत असते, तर त्या कलमास काय अर्थ उरता?

सत्याचा अभिमानी जुलमी होतो, असा आक्षेप येईल. परंतु सत्य आपल्या मुठीत आहे असे समजणे निराळे, आणि ते आपल्याबाहेर आहे असे समजणे निराळे. पहिल्यास चूक कबूल करता येत नाही, दुसऱ्यास येते. औंढ्याचे पुजारी पहिल्या जातीचे. देऊळ जागचे हलले नसते, तरी ते चुकलेच होते.