सोंग आणि कर्तृत्व : ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या छायाचित्रमालिकेविषयी

मराठीतील ‘फोटो काढणे’ हा प्रयोग द्व्यर्थी आहे. ‘विद्यार्थ्याने परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढला’ या वाक्यात यंत्र हाताळणारा बहुधा दुसराच कोणी असतो. तरीही कर्तृपद विद्यार्थ्याकडेच राहते. ‘काढून घेतला’ असे म्हणून हा भेद दाखविता येतो. परंतु व्यवहारात त्याची गरज क्वचितच भासते. भाषेला परवडणारी ही संदिग्धता सामूहिक छायाचित्रकलेच्या समीक्षेला परवडत नाही. अनेकांच्या सहभागातून सिद्ध झालेल्या कृतीचा कर्ता कोण, हा तेथे केवळ व्याकरणाचा प्रश्न उरत नाही.

छायाचित्रात तीन क्रिया अंतर्भूत असतात : रूप निवडणे, त्या रूपात उभे राहणे आणि चौकट ठरविणे. बीबी-का-मकबऱ्यासमोर सेल्फी घेणाऱ्या पर्यटकाच्या ठायी या तिन्ही एकवटतात. सामूहिक प्रकल्पात त्यांची वाटणी होते. फ्रेंच कलावंत जेआर यांनी २०११ मध्ये आरंभिलेल्या ‘इनसाइड आउट’ प्रकल्पात सहभागी गट आपल्या माणसांची व्यक्तिचित्रे पाठवितात, ती मोठ्या आकारात छापून त्यांना परत मिळतात आणि ते ती सार्वजनिक भिंतींवर चिकटवितात. येथे मुद्रा सहभागींची, परंतु मांडणीचा साचा पूर्वनिश्चित असतो.

गौरी गिल यांच्या ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या मालिकेतील वाटणी निराळी आहे. २०१५ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हार परिसरात तिचा आरंभ झाला. तेथील बोहाडा उत्सवात देवदेवतांचे आणि पुराणकथांतील पात्रांचे मुखवटे धारण केले जातात. कागदाच्या लगद्यापासून असे मुखवटे घडविणारे सुभाष धर्मा कडू व भगवान धर्मा कडू हे बंधू, त्यांचे कुटुंबीय आणि स्वेच्छेने आलेले ग्रामस्थ या उपक्रमात सहभागी झाले. गिल यांनी देवांऐवजी वर्तमान जीवनाचे मुखवटे मागितले. त्यातून माणसे, प्राणी आणि नित्य वापरातील वस्तू अवतरल्या. ते मुखवटे धारण करून ग्रामस्थांनी दैनंदिन प्रसंग साकारले. २०१७ च्या ‘डॉक्युमेंटा १४’ या प्रदर्शनात ही मालिका मांडली गेली.

बोहाड्यातील पात्रांना ‘सोंगे’ म्हणतात. ‘झोपेचे सोंग’ या प्रयोगात हा शब्द लबाडी सुचवितो. उत्सवात मात्र सोंग घेणे म्हणजे त्या रूपाचा भार स्वीकारणे होय. मालिकेचे सामर्थ्य या दोन अर्थांच्या मध्यभागी आहे. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात माणसाचा चेहरा जातीजमातीचा नमुना म्हणून मांडला गेला. जव्हारच्या छायाचित्रांत नमुना म्हणून हाती लागेल असा चेहराच उरत नाही. बघणाऱ्याला ‘आदिवासी’ दिसत नाही. दिसते ते एक निवडलेले रूप आणि त्याला जिवंत करणारी देहाची ठेवण. पहिल्या दोन क्रियांमध्ये ग्रामस्थांचे कर्तृत्व येथे निर्विवाद ठरते.

तिसऱ्या क्रियेविषयी असे म्हणता येत नाही. चौकट गिल यांची आहे आणि प्रदर्शनांत मालिका त्यांच्या नावानेच ओळखली जाते. मालिकेतील प्रत्येक चित्र शीर्षकहीन आहे. त्यामुळे अर्थ मोकळा राहतो, हे खरे. परंतु मुखवट्याने चेहरा झाकल्यावर शब्दानेही मौन धरले, तर सोंग घेणारा दोनदा अदृश्य होतो. मुखवटा त्याला नमुना होण्यापासून वाचवितो. तोच त्याचे श्रेयही झाकू शकतो. या विचारातून गिल यांच्या कृतीचे मोल उणावत नाही, तिची मर्यादा तेवढी स्पष्ट होते.

सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण येथे आठवावी. सहभाग हेही असेच एक सोंग होऊ शकते. स्वयंसेवकांच्या छायाचित्रांतून सामूहिक कृती उभारू पाहणाऱ्याने रूप कोणी निवडले, चौकट कोणी ठरविली, नाव कोणाचे लागले आणि मोबदला कोणास मिळाला, या चार प्रश्नांची उत्तरे आरंभीच ठरविली पाहिजेत. ती न ठरविता वापरलेला ‘सहभाग’ हा शब्द ‘फोटो काढला’ या वाक्याप्रमाणेच खरा कर्ता झाकून ठेवतो.