गोंड शिक्षक आणि समान संधी

अनुसूचित क्षेत्रातील शाळांची सर्व शिक्षकपदे आदिवासींसाठी राखणारा आंध्र प्रदेश शासनाचा 2000 चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2020 रोजी रद्द ठरविला. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे, ही कल्पनाच न्यायालयास अमान्य झाली. इतरांची संधी सर्वस्वी नाकारणे अन्यायाचे, हे मान्य. परंतु मुलाला कोणती भाषा समजते, हा प्रश्न निवाड्यात मागे पडतो. आदेशही निर्दोष नव्हता. आदिलाबादेत लंबाडाही आदिवासीच. पण त्यांची मातृभाषा गोंडी नव्हे. 1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून घडविले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत सिद्ध झाली. तेथे भाषा हीच पात्रता होती. आपल्या संस्थांत शिक्षक वा स्वयंसेवक नेमताना हीच कसोटी लावणे उचित होय.