उद्याच्या गावात पाणवठा कुणाचा?

पर्यावरणाच्या जागतिक अहवालांतून भविष्याची चित्रे मांडली जातात. इंग्रजीत त्यांना सिनॅरिओ म्हणतात. आपण भविष्यचित्रे म्हणू. ही भाकिते नव्हेत. अमुक प्रकारची समाजरचना झाली, तर २०५० किंवा २१०० साली पाणी, अन्न, जंगल यांचे काय होईल, एवढेच ती सांगतात. पण समाजाविषयी काही गृहीत धरल्याशिवाय असे चित्र काढताच येत नाही. ते गृहीत कोणाच्या सोयीचे, हा खरा प्रश्न आहे.

या चित्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला विचारतो, काय काय घडू शकेल? दुसरा विचारतो, काय घडले पाहिजे आणि ते कसे घडवायचे? १९७२ च्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’ने लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि साधनसंपत्ती यांचे गणित संगणकावर मांडले आणि वाढ अशीच राहिली तर शंभर वर्षांच्या आत तिची मर्यादा गाठली जाईल, असे बजावले. मात्र त्या गणितात सारे जग एकच होते. भरलेले ताट आणि रिकामी थाळी एकाच सरासरीत बसविलेली. अर्जेंटिनातील बारिलोचे फाउंडेशनच्या अभ्यासकांनी अमिल्कार हेरेरा यांच्या नेतृत्वाखाली १९७६ साली त्याला उत्तर दिले. मानवजातीच्या मोठ्या भागावर आपत्ती आधीच कोसळलेली आहे, ही त्यांची भूमिका. त्यांनी अन्न, घर, शिक्षण या गरजा आधी धरल्या आणि जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य जास्तीत जास्त वाढावे, हे गणिताचे उद्दिष्ट ठेवले. हा दुसरा प्रकार होय.

पुढे वजन राहिले ते पहिल्या प्रकाराचे. २००५ च्या ‘मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट’ने चार चित्रे दिली: जागतिक व्यापारावर विसंबलेले, तटबंदी करून बसलेल्या राष्ट्रांचे, हरित तंत्रज्ञानाचे आणि स्थानिक व्यवस्थापनाचे. चौथ्याचे नाव ‘अ‍ॅडॅप्टिंग मोझॅइक’. त्यात पाणलोट क्षेत्र हे राजकारणाचे व अर्थकारणाचे केंद्र. स्थानिक संस्था बळकट होतात आणि लोक आपला निसर्ग आपण सांभाळतात. अनेक पर्यावरणवाद्यांना हे चित्र मोहक वाटते. आपल्याला मात्र ते वाचताना थांबावे लागते. ‘लोक’ म्हणजे कोण? ‘स्थानिक’ म्हणजे गावठाण, की वेशीबाहेरची वस्तीही?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचा पाया मानण्यास नकार दिला, तो याच अनुभवातून. महाडचे चवदार तळे स्थानिक व्यवस्थेतच होते. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारला. तरीही २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. तळ्यातले पाणी आटले नव्हते. ते माणसांनी अडविले होते. पाणलोटाचा कोणताही नकाशा ही टंचाई दाखवीत नाही.

म्हणून केंद्रीकरण चांगले, असा अर्थ काढू नये. दूरच्या तज्ज्ञांच्या हाती सारे देणारे तंत्रज्ञानाचे चित्र वस्तीला विचारतच नाही. हवामान-अभ्यासासाठी अलीकडे वापरल्या जाणाऱ्या पाच सामाजिक-आर्थिक मार्गांपैकी चौथ्याचे तर नावच विषमता आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ती विषमता मुख्यतः उत्पन्नाची, शिक्षणाची व सत्तेची. शिकलेल्या, पगारदार माणसालाही जातीमुळे घर नाकारले जाते, ही गोष्ट त्या कोष्टकात कुठे लिहायची?

आपल्या विद्यार्थ्यांनी हे अहवाल टाकून देऊ नयेत, बारकाईने वाचावेत. प्रत्येक भविष्यचित्राला तीन प्रश्न विचारावेत: पाण्यावर पहिला हात कोणाचा, गटारात कोण उतरणार आणि अन्याय झाल्यास दाद कुठे मागायची? बारिलोचेच्या अभ्यासकांनी गरजेपासून सुरुवात केली. आपण हक्कापासून सुरुवात करणारे चित्र काढले पाहिजे. ते आपल्यासाठी दुसरे कोणी काढणार नाही.