यादीतील रेखाटन : मायकेलअँजेलोच्या एका कागदाच्या निमित्ताने

रोजच्या कामांच्या वहीत शब्दांशेजारी लहानसहान चित्रे काढण्याची प्रथा अलीकडे बरीच रूढ झाली आहे. चहाचा पेला, छत्री, औषधाची बाटली, भाजीची पिशवी अशी ही चित्रे असतात. त्यांचे समर्थक म्हणतात की त्यामुळे वही सुंदर होते. उपहास करणारेही नेमके हेच कारण पुढे करतात. म्हणजे रेखाटन हा नोंदीचा अलंकार आहे, प्रत्यक्ष नोंद नव्हे, हे उभय पक्षांनी गृहीत धरलेले दिसते. या गृहीताची परीक्षा करावयाची, तर ती केवळ उपयोगासाठी लिहिलेल्या एखाद्या जुन्या कागदावर करणे इष्ट होय. असा एक कागद फ्लॉरेन्स येथील कासा बुओनारोती या संग्रहालयात जतन केलेला आहे.

मायकेलअँजेलोला आलेल्या, १८ मार्च १५१८ या तारखेच्या एका पत्राची पाठकोरी बाजू त्याने तीन भोजनांच्या यादीसाठी वापरली. पहिल्या भोजनात दोन पाव, एक सुरई मद्य, एक हेरिंग मासा आणि तोर्तेल्ली, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून केलेला पदार्थ. दुसऱ्यात कच्च्या पाल्याची कोशिंबीर, चार पाव, दोन प्रकारचे मद्य, बशीभर पालक, मांदेलीच्या कुळातले चार बारीक मासे आणि पुन्हा तोर्तेल्ली. तिसऱ्यात सहा पाव, बडीशेपेच्या झाडाचे दोन वाडगे सार, एक हेरिंग आणि मद्य. मांस कोठेच नाही. त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता, तेव्हा पत्राची तारीख उपवासकाळातली आहे, आणि ही मांसवर्ज्य यादीही त्याच दिवसांतली असावी. कागदाच्या एका अंगाला नामे आणि संख्या आहेत. क्रियापद एकही नाही. दुसऱ्या अंगाला त्याच पदार्थांची झरझर काढलेली चित्रे आहेत.

ही चित्रे कशासाठी? नोकर निरक्षर होता म्हणून, असे उत्तर सर्रास दिले जाते. कागदात तसा पुरावा नाही, आणि हे स्पष्टीकरण फार सोयीस्कर आहे. नोकराला वाचता येत नसेल तर शब्द कोणासाठी? वाचता येत असेल तर चित्रे कोणासाठी? चित्र हे निरक्षरांचे साधन, साक्षराला त्याची गरज नाही, ही समजूतच येथे तपासून पाहिली पाहिजे. भारतीय वाचकाला याचे उत्तर दूर शोधावे लागू नये. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांना चिन्हे दिली गेली ती मतदार वाचू शकत नव्हते म्हणून. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ७४ टक्क्यांवर गेली, तरी चिन्हे राहिलीच. वाचता येणारा मतदारही आधी चिन्हच पाहतो. ज्या अडचणीतून चित्र जन्माला येते ती दूर झाल्यावरही त्याचे काम संपत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मूळ कागदाकडे वळल्यास शब्द आणि चित्र यांनी कामाची वाटणी करून घेतल्याचे आढळते. दुसऱ्या भोजनातील एक मद्य भरदार, दुसरे तुरट; हा भेद चवीचा आहे, तो रेषेने दाखवता येत नाही, म्हणून तेथे शब्द अपरिहार्य आहे. याउलट पदार्थ बशीतून यावयाचा की वाडग्यातून, मासा अख्खा की कसा, हे चित्र एका क्षणात सांगते. शब्दांनी सांगावयाचे तर यादीचे पत्र होऊन बसेल. पाव दोनांवरून चारांवर आणि चारांवरून सहांवर जातात (जेवणारी माणसे वाढत गेली असावीत). ही वाढ वाचावी लागत नाही, ती दिसते.

ही सवय केवळ स्वयंपाकघरातली नव्हती. त्याच सुमारास मायकेलअँजेलो सान लोरेन्झो या चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी संगमरवर काढण्याच्या कामात गुंतलेला होता. खाणकामगारांसाठी त्याने शिळांच्या आकृत्या एकेक करून काढल्या आणि प्रत्येकीवर मापे लिहिली. तेथेही आकार रेषेने, माप अंकाने. १५२० मध्ये तो करार रद्द झाला व भिंत आजही उघडीच आहे. शिळांची ती पाने मात्र उरली. ही पाने आणि भोजनाची यादी शेजारी ठेवली असता स्पष्ट होते की जे आणावयाचे, मोजावयाचे, ते एकवार डोळ्यांपुढे उभे करणे ही या माणसाची काम आखण्याची रीतच होती. नोकर निमित्तमात्र असू शकेल.

दुसरा एक मोह टाळला पाहिजे. त्या हेरिंगच्या चार रेषांतही महान कलावंताचा हात दिसतो, असे म्हणणारे रसिक पुष्कळ भेटतात. दिसत असेलही, पण यादी म्हणून त्या माशाचे मोल वाढत नाही. तो मासा हेरिंग आहे आणि एक आहे, हे कळले की त्याचे काम झाले. अशा रेखाटनास चित्रकलेचे निकष लावणे म्हणजे वाण्याच्या हिशेबाला छंदाचे नियम लावण्यासारखे आहे. येथे निकष एकच: चित्र पुसून टाकले तर नोंदीतून काही उणे होते काय?

या निकषावर आजच्या वह्यांचे मूल्यमापन करावे. रायडर कॅरल याने २०१३ मध्ये प्रसृत केलेली व २०१८ च्या ग्रंथात विस्ताराने मांडलेली 'बुलेट जर्नल' ही पद्धत मुळात अत्यंत निरलंकृत आहे. करावयाच्या कामापुढे बिंदू, झाल्यावर त्याचीच फुली, पुढे ढकलल्यास बाण. कामाची स्थिती बदलली की खूण बदलते. पुढे अनुयायांनी तिच्या कडेने वेली आणि पेले काढले. चहा घेतला काय अन् न घेतला काय, तो पेला आहे तसाच राहतो; तो कोणत्याच कामाशी बांधलेला नाही. अशा पानासाठी संध्याकाळ खर्ची पडते आणि काम तसेच उरते, ही तक्रार रास्त आहे. परंतु दोष रेखाटनाचा नव्हे. त्याला नोंदीपासून तोडल्याचा आहे.

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात वाम्स, मीड व फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे लक्षणीय ठरतात. सोप्या वस्तूंची नावे लिहिण्याऐवजी त्यांची चित्रे काढणाऱ्यांना ती नावे अधिक आठवली. प्रत्येक शब्दाला अवघे ४ सेकंद दिले तरी हा लाभ टिकला. ४ सेकंदांत वेल काढता येत नाही, मासा काढता येतो. अर्थात् प्रयोगशाळेतील स्मरण म्हणजे नियोजन नव्हे, आणि ते शब्द मुळातच चित्रात येण्याजोगे निवडलेले होते. कर्जाचा हप्ता, मार्गदर्शकांची भेट, लांबणीवर टाकलेली क्षमायाचना यांचे चित्र काय काढणार? पाकीट, दार, दूरध्वनी अशी प्रतीके काढता येतात. पण ती शब्दाइतकीच संकेताने कळतात, आणि मग शब्दच बरा. 'मला चित्र काढता येत नाही' म्हणून या साधनापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याची शंका मात्र येथे निराधार ठरते.

वासारीच्या चरित्रानुसार १५६४ मध्ये मृत्यूपूर्वी मायकेलअँजेलोने आपली पुष्कळशी रेखाटने जाळून टाकली. परिपूर्ण कृतीमागचे श्रम कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, हा हेतू. भोजनाची यादी त्यातून वाचली. कासा बुओनारोतीत ती आजही कागदपत्रांच्या दफ्तरात मोडते, चित्रांच्या संग्रहात नव्हे.